नऊ ते सव्वानऊ

आमच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती लोकांत सोयरीक जुळवताना जमीनजुमल्याची चौकशी नंतर होते, आधी विचारतात, "आजोबा कुठल्या शाळेवर होते?" अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि पुढं नगरला आली, ती शुभवर्तमानाबरोबर पाटी-पेन्सिल घेऊनच. मिशनच्या सिंथिया फरारबाईंनी नगरला मुलींना शिकवलं, सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले, आणि आमच्या पूर्वजांच्या हाताला जो खडू लागला तो पुढं निघालाच नाही. माझे पणजोबा मास्तर, आजोबा मास्तर, आई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. असल्या घराण्यात जन्म घेऊन मी माझ्या मुलांना शाळेतून काढलं.

शाळेशी भांडण वगैरे काही नव्हतं. शाळा चांगली होती, बाई प्रेमळ होत्या. पण रिक्षावाले काका पावणेसातला हॉर्न वाजवायचे, थोरला एका पायात मोजा चढवून पुन्हा झोपायचा, धाकटी डब्यात पोळी का दिली म्हणून भोकाड पसरायची, आणि मी दोघांच्या वॉटरबॅगा एकमेकांच्या गळ्यात अडकवून त्यांना जिना उतरवायचो. अशाच एका सकाळी मोबाइलवर एका अमेरिकन ख्रिस्ती कुटुंबाचा व्हिडिओ दिसला. लाकडी घर, आठ मुलं, आठही विंचरलेली, आई भट्टीतून पाव काढतेय, बाप मांडीवर बाळ घेऊन पवित्र शास्त्र वाचतोय आणि मुलं ऐकताहेत. चक्क ऐकताहेत! मुलांना शाळेत न धाडता आईबापांनीच घरी शिकवायचं, याला म्हणे होमस्कूलिंग म्हणतात. मी घरून काम करतो, ही बँकेत जाते, म्हणजे मास्तर घरात होताच. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, गेल्या रविवारी तुम्ही दोन पायांत दोन जोडांच्या चपला घालून उपासनेला आला होतात." शिक्षणाचा आणि चपलांचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

मी मात्र कसून तयारी केली होती. उठता-बसता, घरीदारी मुलांना शिकवत राहावं असं पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातच सांगितलंय, हे मी दाखवून दिलं. मग हुकमाचं पान टाकलं: पंडिता रमाबाई. शाळेचं तोंड न पाहता बाईंनी हजारो श्लोक मुखोद्गत केले आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवलं. आई तांदूळ निवडत ऐकत होती. वर न बघता म्हणाली, "रमाबाईंना त्यांच्या आईनं शिकवलं. वडील तोवर थकले होते." मी म्हटलं, मी थकलेलो नाही. "थकशील," आई म्हणाली.

बातमी सोसायटीत पसरली. समोरच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "शाळेनं काढलं का हो?" वरच्या मजल्यावरच्या काकांनी पोलीस येतील असं भाकीत केलं. मी त्यांना घरात बसवून 2009 चा कायदा समजावला: सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, ते देण्याची जबाबदारी सरकारवर आहे, घरी शिकवण्याबद्दल वेगळा नियम त्यात नाही, आणि पुढं वयाची चौदा वर्षं भरली की मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. काकांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "पण शिकवणार कोण?"

आता आम्ही मेथडिस्ट. त्यामुळे माझा पहिला आदर्श म्हणजे सुझॅना वेस्ली, मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लींची आई. बाईंना एकोणीस मुलं झाली, दहा जगली, आणि त्या सगळ्यांना त्यांनी इंग्लंडातल्या एपवर्थ गावी घरीच शिकवलं. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. मुलाला पाचवं वर्ष पुरं झालं की दुसऱ्याच दिवशी त्याला बसवायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळी मुळाक्षरं आली पाहिजेत. दोन मुलींना दीड दिवस लागला, तर बाईंना त्या मठ्ठ वाटल्या होत्या. धाकटीचा पाचवा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्या सकाळी मीही पाट मांडला. सुझॅनाबाईंचं काम सव्वीस अक्षरांत भागत होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कमळ, खटारा, गवत ही मंडळी सुरळीत पार पडली. गाडी अडली ती बाणाच्या ण वर. "बाबा, बाण तर ब चा आहे. ण चं स्वतःचं काहीच नाही का?" मी नाही म्हटलं. तिचे डोळे भरून आले. बिचाऱ्या ण चं कुणीच नाही, या दुःखात ती उरलेला दिवस जेवली नाही, आणि थोरल्यानं तिची समजूत काढायला 'णमळ' आणि 'णवत' असे शब्द बनवून दिले, ते ती आजही लिहिते.

घरात फार गोंधळ झाला की सुझॅनाबाई डोक्यावरून ॲप्रन ओढून प्रार्थनेला बसत आणि आई ॲप्रनखाली आहे म्हटल्यावर मुलं चिडीचूप होत, असं सांगतात. आमच्याकडे ॲप्रन नाही. मी डोक्यावर टॉवेल घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसलो. प्रार्थनेचं पहिलं वाक्य जुळवतोय तोच डावीकडून थोरला आत शिरला, उजवीकडून धाकटी, आणि दोघंही कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "बाबा, आपण कुणापासून लपलोय?"

वेस्लीबाईंच्या पद्धतीनं जमेना तेव्हा शार्लट मेसन या इंग्रज बाईंकडे वळलो. ख्रिस्ती घरशाळांत या बाईंना फार मान. लहान मुलांचा धडा वीस मिनिटांच्या वर नेऊ नये आणि उरलेला वेळ त्यांना झाडापाखरांत मोकळं सोडावं, असं त्यांचं म्हणणं. 1886 साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. बाईंचं लग्न झालं नव्हतं आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, ही माहिती पुस्तकाच्या मागं असते, म्हणून ती मी शेवटी वाचली. वीस मिनिटांचं कलम मला तत्काळ पटलं. आमची शाळा नऊ ते सव्वानऊ ठरली आणि उरलेल्या वेळासाठी आम्ही पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर गेलो. "बाबा, हे कसलं झाड?" "मोठं." "तो कुठला पक्षी?" "उडणारा." असा अभ्यास चालला असताना काठी टेकत एक आजोबा आले, त्यांनी मुलांना गिरिपुष्पाची पानं ओळखायला शिकवलं आणि झुडपाखाली कलकलाट करणारे मातकट पक्षी दाखवून सांगितलं, "हे सातभाई. नेहमी टोळीनं हिंडतात." थोरल्यानं मोजले. पाचच भरले. धाकटी म्हणाली, "दोघं शाळेत गेले असतील."

मग मी शिस्तीकडे वळलो. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पद्धतीत प्रत्येक मूल आडोसा केलेल्या टेबलाशी एकटं बसून आपापली पुस्तिका सोडवतं, आणि अडलं तर तोंड न उघडता छोटासा झेंडा लावतं. मी खोक्यांचे पुठ्ठे उभे केले, नाताळच्या जुन्या चांदणीचा लाल कागद कापून झेंडे केले आणि शेजारच्या टेबलावर माझी ऑफिसची मीटिंग लावली. थोरल्याचा झेंडा बेरजेसाठी वर गेला, धाकटीचा पाण्यासाठी, मग शूसाठी, मग दादाचा झेंडा मोठा का म्हणून, आणि मी बघत नाही असं दिसताच दोघं झेंडे नाचवत माझ्या पाठीमागून प्रदक्षिणा घालू लागली. साहेब बोलता बोलता थांबले. "तुमच्याकडे," त्यांनी विचारलं, "आज मोर्चा आहे का?"

नोहाचं जहाज ही माझी स्वतःची कल्पना. गणित आणि पवित्र शास्त्र एका दगडात. जहाज तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. खडू घेऊन आम्ही पार्किंगमध्ये उतरलो आणि फरशीवर कोपर टेकवत, बोटापाशी खूण करत, पुन्हा कोपर टेकवत सरपटत निघालो. पन्नास हातांची रुंदी सेक्रेटरींच्या गाडीखालून गेली. लांबी फाटकाबाहेर पडली, आणि तिथं वाद झाला. थोरल्याच्या हातानं जहाज इस्त्रीवाल्याच्या टपरीशी संपत होतं, माझ्या हातानं ते किराणा दुकान ओलांडून डेअरीपर्यंत पोहोचत होतं, आणि धाकटीचं म्हणणं, नोहा तेव्हा सहाशे वर्षांचा होता, म्हणजे त्याचा हात केवढा वाढला असेल! इस्त्रीवाल्यानं काम सोडून मध्यस्थी केली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "सभासदांनी पार्किंगमध्ये जहाज काढू नये."

त्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सलाम घेऊन थोरल्याला विचारलं, घरी काय काय शिकलास. प्रभू रडल्याचं सांगणारं दोनच शब्दांचं वचन त्यानं धडाधड म्हणून टाकलं. सगळ्या पवित्र शास्त्रात याहून लहान वचन नाही असं म्हणतात, म्हणून त्याचं पाठांतर त्याच्यावरच थांबलंय. "छान! आणखी?" पाळकसाहेब म्हणाले. थोरल्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "पार्किंगमध्ये जहाज काढू नये."

घरी आल्यावर आईनं चष्मा लावला. दोघांना जवळ घेऊन विचारलं, "जहाज एकच, मग तुझं छोटं आणि बाबाचं मोठं कसं झालं?" "हात वेगळे म्हणून." "मग भांडण मिटवायला काय पाहिजे?" दोघं विचारात पडली. धाकटी ओरडली, "पट्टी!" आईनं कपाटामागून आपली शाळेतली लाकडी मीटरपट्टी काढली, कडेचे आकडे पुसट झालेली, आणि जेवायच्या आधी सेंटिमीटर शिकवून मोकळी झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हात, वीत, पाऊल हे सगळं लहान वर्गाच्या गणितात असतं रे. पुस्तक उघडलं होतंस का?" बालभारतीच्या पुस्तकांना मी कव्हरं घातली होती. फार सुबक घातली होती.

त्या दिवसापासून वर्ग आईकडे गेला. रमाबाईंबद्दलची तिची उरलेली माहितीही मला तेव्हाच मिळाली: घरी शिकलेल्या रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढलं, म्हणजे शाळाच. आणि सुझॅनाबाईंनी लाडक्या जॉनला दहाव्या वर्षी लंडनला चार्टरहाउस शाळेत धाडलं. घरशाळा मात्र सध्या उत्तम चाललीय. आई मुख्याध्यापिका आहे, ही संध्याकाळी बँकेतून येऊन वह्या तपासते, म्हणजे शिक्षणाधिकारी, आणि घंटा वाजवणं, फळा पुसणं, पाणी भरणं ही खाती माझ्याकडे आहेत. तेव्हा मंडळी, मुलांना घरी शिकवायचं तुमच्या मनात असेल तर खुशाल शिकवा. फक्त आधी घरात एखादी निवृत्त शिक्षिका आहे का ते बघा. आमच्याकडे अर्ज करू नका. शिपायाची जागा भरलेली आहे.