दीड फुटाची वाट

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी टापटीप काम हाती घ्यावं, म्हणून मी वाडीत पायवाटा करायला घेतल्या. त्याआधी भाजी करायला घेतली असती तर बरं झालं असतं, असं बायकोचं मत आहे.

आमची वडिलोपार्जित वाडी काशीदला. माड, चार आंबे आणि मधोमध दोन गुंठ्यांचा मोकळा तुकडा. त्यात वांगी, भेंडी, माठ, पडवळ आणि अगदी टोकाला रताळी. पुढे समुद्र, मागे फणसाडचं जंगल. मुंबईकर इथे शनिवारी येतात, पांढऱ्या वाळूवर फोटो काढतात आणि रविवारी परततात. मी मात्र सोमवारीही इथेच राहणारा मुंबईकर, त्यामुळे गावाला माझं काय करावं ते कळत नाही.

चौतीस वर्षं ऑफिसात खातेवह्यांवर रेघा मारल्या होत्या, त्या सवयीने सुतळी आणि खुंट्या घेऊन कामाला लागलो. वाफा चार फुटांचा, कारण दोन्ही बाजूंनी हात दोन-दोन फूट पोचतो. वाट दीड फुटाची, म्हणजे घमेलं घेऊन माणूस सरळ चालेल. असे बारा वाफे आणि तेरा वाटा आखल्या. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली. खुरपणीला येणाऱ्या काकींनी आखणीकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "भाऊ, मेलेल्या माणसांसाठी हाय का जित्या?"

पहिला विचार जांभ्याच्या चिऱ्याचा होता. जांभ्याला इंग्रजीत विटेवरून नाव पडलं आहे. बुकानन नावाच्या साहेबाने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 मध्ये विटेचा लॅटिन शब्द त्याला चिकटवला. खाणीतून निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. ट्रकवाल्याने काशीदपर्यंतचा दर सांगितला तेव्हा माझं नेमकं उलटं झालं.

मग वाळू. समोर एवढा मोठा किनारा पसरलेला असताना वाळू विकत घ्यायची, हे मराठी मनाला पटत नाही. पण किनाऱ्यावरची वाळू उचलायला 1991 पासून किनारा नियमनाच्या, म्हणजे सीआरझेडच्या, नियमांचा मज्जाव आहे. आणि कायदा नसता तरी ती खारी वाळू पावसाबरोबर वाफ्यात उतरली की वांग्यांचं काही खरं नव्हतं. तेव्हा रोज संध्याकाळी चपलेतून येते तेवढीच वाळू मी कायदेशीर समजतो.

भाऊबंदांनी दिवाळीनंतर दोन भारे पेंढा दिला. तो वाटांवर अंथरला तेव्हा दोन दिवस वाडी सोन्याची दिसली. पेंढ्यात झोडपायचे राहिलेले दाणे होते आणि माझा पाण्याचा पाइप तीन ठिकाणी गळत होता. आठवड्याभरात तेराही वाटांवर हिरवागार भात उगवला. वाफ्यातली भेंडी अजून जमिनीतून डोकं वर काढायला तयार नव्हती. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबून भाताचं कौतुक करायचे. मी ते नाकारलं नाही.

पुठ्ठ्याचा प्रयोग थोडक्यात आटोपतो. तण दाबायला पुठ्ठा उत्तम, पण काशीदमध्ये फुकट आणि भरपूर मिळणारे खोके बिअरचे. ते पाच दिवस वाडीत पसरलेले होते, तेवढ्यात माझ्याबद्दलची बातमी नांदगावपर्यंत पोचली. उरलेलं काम वाळवीने केलं.

आणि मग मला फ्लेक्स सापडला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स महाराष्ट्रात बारमाही पीक आहे. खत नको, पाणी नको. दहा बाय चारचा एक बोर्ड फाडला की दोन वाटा होतात. रंगीत बाजू शोभेसाठी वर ठेवली, ही चूक. काकी सकाळी आल्या आणि वाटेच्या तोंडाशीच थबकल्या. खालून एक भावी आमदार हात जोडून बघत होते. "हात जोडलेल्या माणसावर पाय कसा द्यायचा?" म्हणून त्या वांग्यांतून गेल्या. चार रोपं मोडली. दुसऱ्या दिवशी त्याच फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांपैकी एक जण नारळ विचारायला आला आणि त्याने पडवळाच्या मांडवाखाली स्वतःला ओळखलं. माझ्या पोटात गोळा आला. पण तो पायदळी गेल्याबद्दल काही बोलला नाही. आपला फोटो इतरांपेक्षा लहान छापला होता, हे दुःख त्याला अजून पुरत होतं.

सगळे नेते पालथे घातले. मग जून आला. फ्लेक्सवर पाऊस पडला की त्याची घसरगुंडी होते, हे मी माझ्या माकडहाडावर सिद्ध केलं. जिथे जून त्याला हात लावू शकला नव्हता, तिथे उन्हाने आधीच तुकडे पाडून ठेवले होते. त्या टिकल्या मी मातीतून अजून वेचतो आहे. वाट वाफ्यापेक्षा खोल केली होती, तिचा ओहोळ झाला. ओहोळ नको म्हणून भर घालून वाट उंच केली, तर वाफ्यांची तळी झाली आणि माठ पोहायला लागला. कोकणात वाटेला चार महिने पाणी वाहून न्यायचं दुसरं काम असतं. मी सुतळी ताणून दिशा ठरवली होती, उतार बघितलाच नव्हता.

त्या चिखलाने मात्र एक काम केलं. तेरा वाटांवर कुणाच्या पावलांचा मागमूस नव्हता आणि वाफ्यांच्या छाताडावरून, विहिरीपासून फाटकापर्यंत, एक तिरकी, गुळगुळीत, चोपून काढल्यासारखी वाट उमटली होती. काकींची. शेजाऱ्यांच्या मांजराची. निरखून पाहिलं तेव्हा कळलं, माझीसुद्धा. झेरॉक्स घरात होती आणि पाय आपल्या मनाने चालत होते.

गणपतीनंतर सुतळी गुंडाळली. जुनी आखणी मोडून तीनच वाटा ठेवल्या, पडल्या होत्या तिथेच, आणि त्या उताराकडे वळवून ओहोळाला बाजूने वेगळा चर दिला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमचे दोन माड आडवे झाले होते. त्यांचे ओंडके कडेला लावले. जिथे ओंडके कमी पडले तिथे नारळाची सोडणं, पाठ वर करून रोवलेली. उताणी ठेवली तर पाणी साठतं आणि डासांची सोय होते. वरून कुंपणाच्या सुरूंखालचा पातेरा अंथरला. सुरूची ती लांब सुई पान नसतेच, ती बारीक हिरवी डहाळी असते. खरी पानं तिच्या पेरांवर खवल्याएवढी. ती लवकर कुजत नाही, चिखल पायाला लागू देत नाही आणि तणाला सहसा दाद देत नाही. एकूण खर्च एक सुतळीचा गुंडा, तोही वाया गेलेला.

तणाच्या उत्साहात मी कडेचा भांबुर्डाही मुळासकट उपटला. थंडीत पाहुणे आले, पोपटीचा बेत ठरला आणि मडक्यात घालायला भांबुर्डा हवा म्हणून मी टॉर्च घेऊन दुसऱ्यांच्या बांधांवर फिरत होतो. हे बायको प्रत्येक पाहुण्याला सांगते.

परवा सकाळी वाडीत गेलो तर पातेऱ्यावर खुरांचे ठसे. रात्री फणसाडकडून रानडुकरं आली होती. फाटकाशेजारच्या भगदाडातून आत, पहिल्या वाटेने सरळ, विहिरीपाशी डावीकडे, आणि थेट रताळ्यांच्या वाफ्यात. तो वाफा नांगरल्यासारखा झाला होता. वांगं, भेंडी, माठ, कशालाही धक्का नव्हता. परत गेली तीही वाटेवरूनच.

काकी कमरेवर हात ठेवून बराच वेळ ते ठसे बघत राहिल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "आता झाली बघा वाट."