आम्हाला सावकार केल्याबद्दल

द्राक्षाचा हंगाम संपताच फोन बंद करणाऱ्या व्यापारी साहेबांस,



आपण असाल तिथे सुखात असाल, याची खात्री आहे. पैसे आमचे असल्यावर आपल्याला काळजी ती कसली?

पत्रास कारण की, आभार मानायचे राहून गेले. १८७५ साली पुणे-नगरकडे सावकारांच्या कर्जखतांच्या होळ्या पेटल्या आणि १८७९ मध्ये इंग्रजाला कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी खास कायदा करावा लागला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हे चार जिल्हे त्यात होते, आणि आमचे तासगाव तेव्हा साताऱ्यातच मोडायचे. त्या कायद्यात शेतकरी म्हणजे ऋणको, हे ठरलेलेच. आपण ते उलटे केलेत. बिनव्याजी, बिनतारण, लाखांचा माल उधार देणारे सावकार आपण आम्हाला बनवलेत. खापरपणजोबा असते तर त्यांचा ऊर भरून आला असता.

आपली कलाही वाखाणण्यासारखी. पहिल्या गाडीला बांधावर रोख, नोटा मोजून. दुसऱ्या गाडीला निम्मे. चार किलोच्या पेटीला इतरांपेक्षा दहा रुपये चढा दर. उरलेली बाग उतरली, की चेक. चेक परत आला, की ‘सोमवारी टाकतो, दादा’. कुठल्या महिन्यातला सोमवार, ते मात्र आपण गुलदस्त्यात ठेवलेत.

आता सावकार झालोच आहोत, तर वसुलीही रीतसर करावी म्हणतो. चेक न वटल्याचे बँकेने कळवले, की ३० दिवसांत वकिलाची नोटीस. ती घ्यायची नाही हा आपला बेत आम्हाला ठाऊक आहे. पण बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली तरी कोर्ट ती पोचली असेच धरते. मग पैसे द्यायला १५ दिवस. ते गेले, की महिन्याभरात चेक न वटल्याची, कलम एकशे अडतीसची केस. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा नाकबूल केलात, तर केस चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आम्हाला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकते.

२०१४ साली सुप्रीम कोर्टाने अशी केस चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी चालवायला सांगितले होते. किती सोयीचे होते आपल्याला! २०१५ च्या दुरुस्तीने ती सोय गेली. चेक आम्ही आमच्या खात्यात भरला, त्यामुळे केस आमच्या शाखेच्या हद्दीत. तारखेला यायचे आपण, तासगावला. एसटी आहे.

शिवाय दिवाणी दावा आहेच, तीन वर्षांच्या आत. हातात चेक असल्याने समरी दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचे, आणि बचाव मांडायलाही आधी कोर्टाची परवानगी काढायची. मालमत्ता विकून पसार व्हायचा विचार दिसला, तर निकालाआधीच जप्ती मागता येते. हुकूमनामा बजावायला १२ वर्षे मुदत, आणि तो आपल्या गावच्या कोर्टाकडे पाठवताही येतो. घाबरू नका, अंगावरचे कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी कायदा जप्त करत नाही. आपली पांढरी चारचाकी मात्र त्या यादीत कुठे दिसली नाही.

वजनाच्या पावत्या, गाडीचे नंबर आणि आपले सगळे सोमवार व्हॉट्सॲपवर जपून ठेवले आहेत.

कोर्टात वर्षे जातात, हे आपले खरे भांडवल. त्यात खोटे काही नाही. पण एप्रिलला छाटणी करून पुढच्या फेब्रुवारीच्या मालाची वाट पाहणाऱ्याला थांबायची भीती घालू नये.

एवढे करूनही मिटवायचे असेल, तर लोकअदालत आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, वर अपील नाही. येताना मिठाई आणली नाहीत तरी चालेल. चेक तर मुळीच आणू नका.

आपला,
नाइलाजाने झालेला सावकार