डोंगा कुठी बांधते?

आसगावहून समुद्र बघायला निघायचं तर आधी पवनी, मग नागपूर, मग रात्रभराची रेल्वे. पाण्याला एवढी यातायात नाही. आमच्या धानाच्या बांधीतलं पाणी नाल्यानं वैनगंगेत, तिथून प्राणहितेत, मग गोदावरीत आणि बिनतिकिटानं थेट बंगालच्या उपसागरात. समुद्राशी आमचा संबंध एवढाच, तोही एकतर्फी.

तरी पृथ्वीला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींबद्दल वाचायचा मला नाद आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ बोटीतून एकटेच निघाले आणि चार ठिकाणी थांबत १९ मे २०१० रोजी परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट ५६ फुटांची, गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. बेट नदीतलं, बोटीचं नावही नदीचं. म्हणजे लांबून का होईना, आमच्याच नात्यातली.

वादळं आणि डोंगराएवढ्या लाटा यांवर सगळेच लिहितात. मला कुतूहल स्वयंपाकाचं. अशा बोटीत शेगडी दोन बाजूंनी खिळ्यावर झुलती बसवलेली असते. बोट कितीही कलली तरी शेगडी सपाट राहते. कुकर जागेवर, स्वयंपाकी मात्र भिंतीवर! ताटात वाढून घेण्यात अर्थ नाही, वरण शेजारच्या बाकावर जायचं. म्हणून सगळं एका खोल वाडग्यात कालवायचं आणि पाय रोवून, वाडगा पोटाशी धरून खायचं. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे हे शास्त्र किनाऱ्यावरच सोडायचं. भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची, कारण गोडं पाणी पिण्यापुरतं. चहूकडे पाणीच पाणी आणि माणूस तांब्या मोजतोय!

आमच्या गावच्या मासेमार आबाजींना मी हे सगळं रंगवून सांगितलं. उभी हयात त्यांनी वैनगंगेत डोंगा वल्हवण्यात घातलेली. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी एकच विचारलं, “मंग रातच्याला डोंगा कुठी बांधते गा तो?”

प्रश्न बिनतोड होता. बांधतच नाहीत. भर समुद्रात तळ तीन-चार हजार मीटर खाली. नांगराचा दोर पुरायचा नाही. बोट रात्रभर सायकलच्या वेगानं चालत राहते, सुकाणू वाऱ्यावर चालणारं यंत्र सांभाळतं आणि एकटा माणूस तुकड्यातुकड्यानं झोपतो. क्षितिजावर दिवा दिसल्यापासून मोठं जहाज अंगावर यायला कधी पंधरा-वीस मिनिटंच लागतात. तेवढ्यात उठायचं, चारी दिशा बघायच्या, पुन्हा आडवं व्हायचं. हे आबाजींना लगेच पटलं. धान लोंबीवर आलं की रानडुकरांसाठी मचाणावर जागल करताना आमचीही झोप अशीच असते, फक्त मचाण हलत नाही. (निदान हलू नये.)

दोघं असली तर पाळ्या लावता येतात. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी जग फिरून परतल्या. आठ महिन्यांतला बहुतेक काळ समोर तेच एक तोंड. भांडण झालं तर रुसून पारावर जाऊन बसायचीही सोय नाही. याच्यापुढे मला लाटांचं काही वाटत नाही.

मग मी आबाजींना शेवटची गंमत सांगितली. न्यूझीलंडहून पूर्वेला जाताना एक अदृश्य रेघ लागते. ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, म्हणजे तोच वार दुसऱ्यांदा येतो. मी एकादशीच्या काळजीत होतो. दोन दिवस लागोपाठ साबुदाणा कोण खाणार?

आबाजींनी विडी विझवली. म्हणाले, “वार दोनदा आला त रोजी बी दोनदा भेटते का गा?”