नानांचा ब्रेक

कुठलीही वस्तू संपली, हे आमच्या आळीतल्या नानांनी आजवर कबूल केलेलं नाही. खराट्याचे हीर झिजून बुडखा उरला की त्याची अंगणातून मोरीत बदली होते आणि मोरीतून चुलीत बढती. छत्रीचं कापड फाटलं की काड्या पडवळाच्या मांडवाला. ज्या माणसाचा खराटा संपत नाही, त्याचे ब्रेक पॅड कसे संपणार?

नानांनी विजेवरची स्कूटर घेतली ती दुकानातल्या मुलाच्या एका वाक्यावर. "मूठ सोडलीत की मोटर जनित्रासारखी चालते, गाडी हळू होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते." नानांनी पुढचं काही ऐकलंच नाही. उताराचे पैसे मिळतात म्हटल्यावर देवरूखात राहणाऱ्याने आणखी काय ऐकायचं? इथे दुधाला जायचं तर उतार, दूध घेऊन यायचं तर चढ. ब्रेक लावणं म्हणजे स्वतःचे पैसे रस्त्यावर घासणं, असं त्यांनी तेव्हापासून ठरवून टाकलं.

गंमत अशी की नाना रोज रात्री बॅटरी शंभर टक्के भरतात. निम्म्यावर सोडलेली बॅटरी त्यांना अर्धवट भरलेल्या हंड्यासारखी बघवत नाही. सकाळी निघाले की घरासमोरूनच उतार सुरू. भरल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? बऱ्याच गाड्यांत अशा वेळी मोटर हात वर करते आणि सगळा भार पॅडवर येतो. नानांची वीजही वाचत नव्हती आणि पॅडही.

मग एक दिवस गाडी ओरडायला लागली. पेट्रोलच्या गाडीत तो आवाज इंजिनाच्या फटफटीत बुडाला असता. ही गाडी मुकी, त्यामुळे तिची किंकाळी थेट बाजारपेठेपर्यंत. आम्ही म्हटलं, "नाना, पॅड गेले." नाना म्हणाले, "गेले कुठे? बोलतायत की!"

हळूहळू त्यांना त्या आवाजाचे फायदे दिसू लागले. हॉर्न वाचला. कोंबड्या आपोआप बाजूला होऊ लागल्या. वळणावर किंकाळी ऐकू आली की काकू आत चहाचं आधण ठेवत. नाना चपला काढेपर्यंत कप तयार. संक्रांतीला मारळला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, तेव्हाच्या गर्दीतही म्हणे यांना वाट मिळाली. नाना मानतात देवाची कृपा. मला वाटतं लोक जिवाला भ्यायले असावेत.

घाबरवायचं म्हणून मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८ साली ही जर्मन बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार शंभराहून अधिक किलोमीटर घेऊन गेली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. काकू आतून म्हणाल्या, "नवऱ्याला न सांगता?" त्यांना गोष्ट तेवढ्यातच पोचली होती. नाना मात्र पायातल्या कोल्हापुरीकडे बघत होते. "म्हणजे चामडं चालतं तर!"

शेवटी मीच त्यांना स्टँडजवळच्या गॅरेजात नेलं. पोराने दोन बोल्ट सोडून कॅलिपर उतरवला, पिन ओढली आणि पॅड नानांच्या हातावर ठेवले. "पॅड खंय हाय ह्यात? नुस्ता पत्रा हाय, नाना!" खरंच, मसाल्याचा थर पार उडाला होता आणि डिस्कवर पत्र्याने चरे ओढले होते.

"मग जरा खोबरेल सोडून बघ की," नाना म्हणाले. "आमच्या दाराची बिजागरी त्यानेच गप्प झाली."

पोराच्या हातातला पान्हा पडला. "ब्रेकला त्याल? शेट, सरळ सप्तलिंगी नदीत जाशाल!"

त्याने पिस्टन मागे रेटला, नवे पॅड बसवले आणि लीव्हर दहा-बारा वेळा दाबला. पिस्टन पुढे येऊन पॅडला टेकेपर्यंत पहिले दाब फुकट जातात. ते गाडी उभी असतानाच जाऊ द्यायचे. पहिले काही दिवस हळूहळू ब्रेक लावा, पॅड डिस्कवर नीट बसू दे, असंही त्याने बजावलं. नानांनी चारशे रुपये मोजले आणि जुने पॅड कागदात गुंडाळून खिशात घातले.

आठवड्याने गॅरेजवरून जात होतो, तर नानांची गाडी उभी. म्हटलं, आता काय झालं?

"काय होणार? येतो ते कळतच नाही. कोंबड्या हलत नाहीत, चहा ठेवलेला नसतो. काल हिने तर चोर समजून खराटा उगारला." एवढं बोलून नानांनी खिशातली पुडी काढली आणि पोराकडे वळले.

"हे बघ, पुढचे राहू देत. मागच्या चाकाला यातला एखादा बसतो का?"