हिरवा दिवा आणि पिवळ्या चिठ्ठ्या

एडिसन, न्यू जर्सी
17 ऑगस्ट

तीर्थरूप आप्पा आणि आईस,


पत्राला उशीर झाला त्याला कारण फिट्झजेराल्ड. या घरात सध्या दुसरा विषयच नाही. तुमचा नातू सप्टेंबरात अकरावीत जाईल. इथल्या शाळा जून संपता संपता सुटतात आणि लेबर डे उलटला की भरतात. मधल्या काळात पोरं अगदीच मोकाट सुटू नयेत म्हणून इंग्रजीच्या बाई निरोप देताना दोन कादंबऱ्या गळ्यात बांधतात. याला म्हणायचं समर रीडिंग. यंदा एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' आणि विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात परीक्षा.

आप्पा, तुम्ही खूश झाला असाल. जरा थांबा. इथे नुसतं वाचून भागत नाही, पुस्तकावर लिहावं लागतं. हो, पुस्तकावर! रेघा ओढायच्या, समासात शेरे मारायचे, आणि त्याला मार्क असतात. वाचनालयाच्या पुस्तकातल्या दुसऱ्यांच्या पेन्सिलच्या खुणा तुम्ही खोडरबराने पुसून मग पुस्तक परत करायचात, आणि तुमचा नातू खुणा कमी पडल्या म्हणून नापास व्हायचा! लायब्ररीच्या प्रतीवर लिहिता येत नाही, म्हणून तिला पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावायच्या. आमची प्रत आता मिटत नाही. शिवाय एक वही. डावीकडे पुस्तकातलं वाक्य उतरवायचं, उजवीकडे ते वाचून आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. चिरंजीवांना काही वाटत नाही, ही मुख्य अडचण.

जून गेला, जुलै गेला. 'गॅट्सबी'चं पुस्तक जेवणाच्या टेबलावर फोनच्या चार्जरखाली पडून होतं. जेमतेम पावणेदोनशे पानांचं, म्हणून आधी मीच उचललं. मग तुमच्या जावयांनी ट्रेनमध्ये संपवलं. मग शेजारच्या काकू मागून घेऊन गेल्या. ज्याला नेमलं होतं तो सोडून सगळ्यांचं वाचून झालं. त्याचं म्हणणं, सारांश फोनवर आहे. आपल्याकडे जशी नवनीतची गाईडं तशी इथे 1958 पासून क्लिफ्सनोट्स, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. आता तेवढंही दप्तर नको, बोट फिरवलं की प्रतीकं, पात्रं, महत्त्वाची वाक्यं, सगळं हजर.

गोष्ट 1922 च्या उन्हाळ्यातली, लाँग आयलंडवरची. गॅट्सबी नावाचा नवा श्रीमंत बंगल्यावर सारख्या मेजवान्या देतो, शेकडो लोक न बोलावता येतात. हे सगळं कशासाठी, तर पाण्यापलीकडे राहणारी जुनी प्रेयसी डेझी (आता दुसऱ्याची बायको) एखाद्या रात्री वाट चुकून येईल म्हणून. तिच्या धक्क्याच्या टोकाला एक हिरवा दिवा जळतो, हा इकडून त्याच्याकडे बघत उभा. इथल्या अकरावीत हा दिवा कशाचं प्रतीक आहे हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. शनिवारी जेवायला मंडळी होती, तेव्हा चिरंजीवांनी प्रश्न टाकला. जावई पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "ग्रीन कार्ड. समोर दिसतं, हाताला लागत नाही." मी हसले. पाहुण्यांपैकी दोघं अजून त्याच रांगेत आहेत, ते हसले नाहीत. मुलाने उत्तर मुकाट वहीत उतरवलं. बाई काय म्हणतील ते सप्टेंबरात कळेल.

पुस्तकाची गोडी लागावी म्हणून मीही एक खटपट केली. रविवारी फ्लशिंगच्या गणपतीला गेलो होतो. आई, तेच देऊळ, जिथे खाली कँटीनमध्ये तू दुसरा उत्तप्पा मागवला होतास. तिथे जाताना फ्लशिंग मेडोज पार्क लागतं. फिट्झजेराल्डच्या काळी तिथे राखेचे ढिगारे होते. ब्रुकलिनमध्ये घरोघरी जळणाऱ्या कोळशाची राख आणून तिथे ओतत. कादंबरीतली राखेची दरी ती हीच. पुढे रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी सगळं सपाट करून घेतलं. आता तिथे पोलादी पृथ्वीगोल आहे आणि यूएस ओपनचं टेनिस चालतं. मी पुढच्या सीटवरून वळून हे सगळं रंगवून सांगितलं. चिरंजीवांनी एका कानातलं काढलं, बाहेर बघितलं.

"राख कुठाय?"

"अरे, ती उचलली ना."

"मग काय बघू?"

आणि कानातलं परत कानात. जावई म्हणाले, आता राखेपेक्षा पार्किंग दुर्मीळ आहे.

मनात आलं, याला तरी काय दोष द्यायचा? गेलेलं परत आणता येतं असं मानणाऱ्या माणसाची ही गोष्ट. सोळा वर्षांच्या पोराला मागे वळून बघायला मागे आहेच काय? दहावीचा निकाल! लिहिणाराही पुस्तक आलं तेव्हा अठ्ठावीसचाच होता, पण तो फार लवकर पिकला होता. 1940 मध्ये गेला तेव्हा ही कादंबरी फारशी कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या पुस्तकांत ती लागली आणि मग तिचं नशीब फिरलं. पुढे शाळांनी धरली ती सोडलीच नाही. माझं मत विचाराल तर ती मुलांऐवजी पालकांना नेमावी, आणि परीक्षाही आमचीच घ्यावी.

पण परवा काय झालं ते ऐका. गॅट्सबीच्या बंगल्यात मोठं ग्रंथालय आहे. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक पाहुणा तिथे बसून आश्चर्य करत असतो की पुस्तकं चक्क खरी आहेत, पुठ्ठ्याची नाहीत! फक्त पानं कापलेली नाहीत. आप्पा, तुम्हाला ती जुनी जोडपानांची पुस्तकं ठाऊक आहेत, सुरीने पानं सोडवल्याशिवाय वाचता येत नसत. तर पोरगा खो खो हसत खाली आला आणि आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटापुढे उभा राहिला. 'मृत्युंजय', 'स्वामी', पु. ल. सगळे. दर भारतवारीत तुमच्या जावयांनी हौसेने आणलेले आणि प्लास्टिकसुद्धा न काढलेले. "बाबा, धिस इज यू!" त्या दिवशी पहिली चिठ्ठी त्याने मनापासून चिकटवली. जावयांनी त्याच रात्री 'स्वामी'चं प्लास्टिक काढलं. पुढची प्रगती अद्याप कळलेली नाही.

त्यानंतर गाडी सुटली. शेवट तर त्याने रात्री जागून वाचला. गॅट्सबी मरतो तेव्हा मेजवान्या झोडणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणी फिरकत नाही. एकजण फोन करतो, तोही बंगल्यावर राहिलेले टेनिसचे बूट पाठवा म्हणून. (आई, असे पाहुणे तुलाही भेटलेत, मी नावं घेत नाही.) वर्तमानपत्रात बातमी वाचून मिनेसोटाहून म्हातारे वडील येतात. मूळचे गॅट्झ, मुलाने नाव बदललेलं. त्यांच्या पाकिटात मुलाच्या बंगल्याचा फोटो असतो. इतक्या लोकांना दाखवलेला की कोपरे मोडलेत, हातांचे डाग पडलेत. खरा बंगला समोर उभा असतो, पण म्हाताऱ्याला कौतुक त्या फोटोचंच. तिथे नातवाची चिठ्ठी आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय, 'आजोबा??'

तर आप्पा, रविवारी सकाळी तो तुम्हाला फोन करणार आहे. निबंध आता याच विषयावर लिहायचा त्याने ठरवलंय आणि त्याला पुरावा हवाय. आमच्या घराचा फोटो तुम्ही पेन्शनरांच्या कट्ट्यावर दाखवता का, किती जणांना दाखवलात, फोटो कितपत मळलाय, हे सगळं विचारेल. खरं सांगा, त्याच्या मार्कांचा प्रश्न आहे. आणि यापुढे फोटो दाखवाल तेव्हा घराचे हप्ते अजून बरेच बाकी आहेत हेही कट्ट्याला सांगत जा.

'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' त्याने अजून उघडलेलं नाही. निर्जन बेटावर वडीलधाऱ्यांविना अडकलेली मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात, अशी ती गोष्ट आहे. लिहिणारा गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होता, तेव्हा कल्पनेवर फार ताण पडला नसावा. ते आता मी वाचायला घेतलंय. आईच्या गुडघ्याचं काय ते सविस्तर कळवा.

तुमची,
बेबी