आधी पाणी, मग बटण

अमेरिकेतल्या मराठी गोतावळ्यात एक तरी नाना असतातच. कुणी त्यांना अण्णा म्हणत असेल, कुणी आप्पा. कुणाचे ते मामा असतील, कुणाचे सासरे. राहायला न्यू जर्सीत असतील नाहीतर टेक्सासात. ओळखायची खूण एकच. त्यांच्याकडे जेवून तुम्ही ताट उचललंत आणि सिंककडे वळलात, की पाठीमागून आवाज येतो, "थांब! ताटात काय उरलंय?"

सिंकच्या भोकाखाली बसवलेलं, खरकटं दळून गटारात सोडणारं यंत्र म्हणजे डिस्पोजल. नानांच्या घरी त्याच्यावर नानांचा चोवीस तास पहारा असतो. मुलांच्या कॉलेज ॲडमिशनच्या वेळीसुद्धा हा माणूस एवढा जागरूक नव्हता, असं काकू सांगतात.

मुळात नानांचं नाक तयारीचं. बाहेरून आले की बूट काढून ते थेट स्वयंपाकघरात येतात, सिंकशी उभे राहतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "परवाचा भात." काकू म्हणतात, "अहो, परवा भात केलाच नव्हता." नाना क्षणभर थांबून दुरुस्ती करतात, "मग पोहे." आणि पोहे झालेले असतात! मग नानांचं ठरलेलं वाक्य येतं, "यंत्राला वास नसतो. वास माणसांच्या सवयींना असतो."

नव्या माणसाला नाना आधी इतिहास ऐकवतात. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ साली हे यंत्र काढलं. न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याचशा भागात घरोघरी ते बसवायला १९९७ पर्यंत बंदी होती, जुन्या गटारांना झेपणार नाही म्हणून. "शहाणी माणसं," नाना म्हणतात. ज्या यंत्रावर त्यांचा एवढा जीव, त्यावरच्या बंदीचंही कौतुक! विसंगती दाखवून दिली तर म्हणतात, "ज्यांना वापरता येत नाही, त्यांच्यापासून ते वाचलं ना."

इतिहासानंतर प्रात्यक्षिक. "आत सुरीसारखी पाती असतात, असं सगळ्यांना वाटतं. नसतात. एक गोल तबकडी असते, तिच्यावर दोन बोथट तुकडे. तबकडी गरागरा फिरते, खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर आपटतं आणि किसलं जातं. म्हणून आधी पाणी, मग बटण. बंद करताना आधी बटण, मग पाणी." तेवढ्यात पाहुण्याने नळ गरम पाण्याकडे फिरवला की नाना ओरडतात, "गार! गार पाणी!" गरम पाण्याने तूप वितळतं, पुढे पाइपात जाऊन थिजतं आणि तिथे बसून नासतं. गार पाण्यात ते घट्ट राहतं, दळलं जातं, वाहून जातं. अर्थात नानांच्या घरात मुळात तूप सिंकमध्ये टाकायचंच नसतं. कढई आधी कागदाने पुसायची, मग घासायची.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील हा नानांच्या दृष्टीने धोक्याचा मोसम. डिस्पोजलचं बटण भिंतीवर असतं, दिव्याच्या बटणाला खेटून. पुण्याहून आलेल्या मावशी पहाटे चहाला उठतात, दिवा समजून ते दाबतात आणि खालून जी गुरगुर होते तिने सगळं घर जागं होतं. तरी मावशींचं चुकून झालं. विहीणबाईंनी मात्र सिंकपाशी नाक मुरडून सुचवलं होतं, "दोन डांबराच्या गोळ्या टाका हो, आमच्याकडे तेच करतात." नाना त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत.

कारण वासावर वास घालायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. लिंबाच्या साली फिरवणाऱ्यांचाही त्यांना राग नाही, कीव येते. "तासभर लिंबाचा वास येतो. त्यानंतर लिंबू आणि कालचा कांदा, दोघांचा मिळून."

खरं दुखणं कुठे आहे ते नाना शनिवारी सकाळी दाखवतात. आधी तळघरात जाऊन ब्रेकर पाडतात. नुसतं बटण बंद असून भागत नाही. कुणी चुकून दाबलं तर? मग वर येऊन, टॉर्च तोंडात धरून, जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेतात. सिंकच्या भोकात काळ्या रबराची झडप असते. वरून ती चकचकीत असते, कारण तिथवर सगळ्यांचे हात पोचतात. नाना तिची एक पाकळी दुमडून खालची बाजू दाखवतात. तिथे आठवड्याभराच्या उडालेल्या शिंतोड्यांचा बुळबुळीत काळा थर असतो आणि त्यात जिवाणूंचा सुखाने संसार चालू असतो. "हा बघ वास," नाना टॉर्च काढून म्हणतात. स्वयंपाकघरात बाकी सगळे श्वास रोखून उभे. नाना प्रसन्न.

झडप घासून झाली की ब्रेकर चालू होतो आणि बर्फाचे खडे व जाडं मीठ आत जातं. खडखडाट होतो, आतल्या कडांना चिकटलेलं निघतं. मग नातवासाठी खायचा सोडा आणि व्हिनेगर. फेस वर येतो, नातू टाळ्या पिटतो. "फेसाने फार काही होत नाही हं," नाना हळूच सांगतात, "पण पोरगं स्वयंपाकघरात येतं." शेवटी बूच लावून सिंक निम्मं साबणाच्या पाण्याने भरायचं, यंत्र सुरू करून बूच ओढायचं. सगळं पाणी एकदम आत कोसळतं आणि कानाकोपरा धुऊन निघतो.

फ्रिजवर मनाईची यादी आहे, नानांच्या वळणदार अक्षरात: भात, पोहे, चहाचा चोथा, केळ्याची साल, कणसाचे केस, कांद्याची टरफलं, आंब्याची कोय. शेवग्याची शेंग लाल शाईत, दोनदा अधोरेखित. तिच्यामागे घटना आहे. एका पुतण्याच्या वास्तुशांतीला कुणीतरी सांबारातल्या चघळलेल्या शेंगांचा चोथा सिंकमध्ये लोटला. धागे तबकडीला गुंडाळले गेले, मोटर नुसती घुमली आणि बंद पडली. वास उशिरा सुटला असता, पण नानांना तो आधीच आला. सिल्कच्या झब्ब्यासकट ते सिंकखालच्या कपाटात शिरले. पाव इंची ॲलन की खालच्या भोकात घालून तबकडी मागेपुढे हलवली, चिमट्याने चोथा उपसला, तळाचं लाल बटण दाबलं. यंत्र सुरू झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना बाहेर येऊन शेवग्यावर बोलायला लागले ते आइस्क्रीम वितळेपर्यंत. रागावले नव्हते. त्या घरात इतके खुशीत ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

आता एवढं सगळं वर्ज्य केल्यावर डिस्पोजलमध्ये जायचं काय? जवळजवळ पाणीच. बाकीचं खरकटं जातं फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. कचऱ्याची गाडी येण्याच्या दिवसापर्यंत गोठून राहतं. गोठलेल्याला वास येत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या असतात: "देठं, बुधवार", "टरबुजाच्या फोडी, शुक्रवार". आंबा आइस्क्रीम समजून डबा उघडणारे पाहुणे नंतर गोड खायला नको म्हणतात.

म्हणूनच नाना संध्याकाळी फिरायला गेले, की काकू नळ सोडतात. गार. गाजराच्या साली, काकडीचे शेंडे, भोपळ्याचा गर, मुठीमुठीने, बारीक चिरून, यंत्राला झेपेल असं. बटण बंद केल्यावर पाणी थोडा वेळ वाहू देतात. नाना परत येतात, सिंकशी उभे राहून डोळे मिटतात आणि म्हणतात, "बघ. काही नाही. ही शिस्त!"

मध्यंतरी डिशवॉशरचं पाणी तुंबलं म्हणून प्लंबर आला. त्याने सिंकखाली डोकं घालून डिस्पोजलही पाहिलं आणि म्हणाला, छान ठेवलंय. लोक आठवडेच्या आठवडे चालवत नाहीत, मग आत गंजतं, तबकडी अडकते. तुमचं रोज वापरात असणार.

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला नाना सांगतात, "प्लंबर स्वतः म्हणाला, छान ठेवलंय."

काकू कणीक मळता मळता म्हणतात, "पुढचं पण सांगा की त्यांना."