आरक्षणाचं भाडं द्या

महाराष्ट्रात एक पैसाही न देता माणसाची जमीन अडकवून ठेवता येते. विकास आराखड्यात तिच्यावर बागेचं नाहीतर शाळेचं आरक्षण टाकलं की झालं. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, पण घर बांधायची परवानगी मिळत नाही आणि गिऱ्हाईक आलंच तर पडत्या भावात मागतं. मोबदला संपादन होईल तेव्हा!

1966च्या नगररचना कायद्यात यावर कलम 127 आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने खरेदी नोटीस द्यायची. त्यानंतरच्या मुदतीत सरकार हललं नाही तर आरक्षण रद्द. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. 2009 मध्ये ती बारा महिने केली, 2015 मध्ये चोवीस. दहा वर्षं ताटकळलेल्या माणसाला आणखी ताटकळत ठेवण्यासाठी विधिमंडळाने दोनदा कायदा बदलला, याची चीड येते. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या ज्या मालकाच्या बाजूने निकाल दिला, त्याची जमीन 33 वर्षं अशीच पडून होती. आरक्षण उठलं. पण वाया गेलेल्या वर्षांची भरपाई या कलमात नाही. शिवाय आरक्षण उठलं की वस्तीचं मैदानही जातं.

पुण्याच्या टेकड्यांचंही तेच. टेकड्यांवर एक वीटही चढू नये, असंच माझं मत आहे. पण पाणी मुरवणारी, हवा गार ठेवणारी टेकडी साऱ्या शहराला हवी असेल, तर तिचे पैसे एकट्या मालकाने का भरायचे? 2015 मध्ये राज्य सरकारने या टेकड्यांवरच्या, जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित जमिनीला मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) ठरवला. शंभर चौरस मीटर सोडा, आठ चौरस मीटरचा बांधकाम हक्क घ्या. या भावात जमीन कोण देईल? उतारांवर गुंठ्यागुंठ्याने बेकायदा घरं चढत गेली, त्यात या कंजूसपणाचाही वाटा आहे.

आरक्षण टाकल्या दिवसापासून रेडी रेकनरच्या किमतीवर ठरावीक टक्के भाडं दरवर्षी मालकाला द्या. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा, म्हणजे नगरसेवकांना दर वर्षी त्यावर मत द्यावं लागेल. मग जी मैदानं खरोखर हवीत ती लवकर ताब्यात घेतली जातील, आणि बाकीच्या जमिनी वेळेवर मोकळ्या होतील.